दातखीळ

मेदेबेरच्या फाटकातून यंत्र आत आलं
गाढवगाडीवर, आडवं, घोंगडीत गुंडाळलेलं.
ब्रिक्ती म्हणाली, सावकाश, जड आहे.
बाबा म्हणाले, पितळ जडच असतं.
मग खालून हात घालून तोललं त्यांनी, आणि थांबले.
नुसतं पितळ नाही हे.
आत जुनं पाणी आहे. दगड झालेलं.

आमच्या गल्लीत सकाळपासून हातोडे.
पिंपांच्या शेगड्या होतात इथे, टायरच्या चपला,
तोफगोळ्याच्या कवचाची फुलदाणीसुद्धा.
मिलानमध्ये घडलेली वस्तू दुरुस्त करायला
अस्मारात आणखी कुठे नेणार?

दांड्या दोन. एक वर.
दुसरी खालीच.
कुणीतरी ओढली होती ती,
खाली कप ठेवला होता,
आणि मग शहरात काहीतरी झालं
ज्याबद्दल ब्रिक्तीची आई बोलत नाही.
कॉफी यायच्या आत शटर पडलं.
चाळणीत भुकटी होती अजून, डांबरासारखी.

दातखीळ बसलीय, बाबा म्हणाले.
दांडीला त्यांनी हात लावला नाही.
आत स्प्रिंग दाबलेली आहे, पोरी.
गिऱ्हाईक निघून गेलं
हे तिला कुणी कळवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिर्माझियोन आले,
कोट इस्त्रीचा, वरच्या ओठामागे एक फट.
तो दात ह्याच यंत्राने घेतलेला.
सतराव्या वर्षी हात सटकला, दांडी उसळली,
दात उडून साखरेच्या भांड्यात.
मालकाने साखर बदलली, ते हसले, मला नाही.
मी विचारलं, ही खालची तुम्हीच ओढलेली?
ते यंत्राकडे बघत राहिले.
त्या आठवड्यात मी कामावर नव्हतो, म्हणाले.
कुठे होते, ते म्हणाले नाहीत.

पंधरा दिवस व्हिनेगर.
बॉयलरमधून पांढरे पापुद्रे निघायचे,
मी ते बोटांत मोडायची, अंड्याच्या टरफलासारखे.
वॉशर ट्रकच्या ट्यूबमधून कापले, तीनदा चुकले.
पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी
शाळेच्या प्रयोगशाळेतून आली, कशी ते विचारू नका.
आमचं शहर इतकं उंचावर
की उघड्या भांड्यात पाणी ब्याण्णवलाच उकळतं.
ह्या उतावळ्या पाण्याला पितळात कोंडून
थोडं थांबायला शिकवायचं, एवढंच काम, बाबा म्हणाले.

आई घरी बुन भाजते.
जेबेनातून तीन फेऱ्या: अवेल, कलाइ, बेरेका.
तिसरीला आशीर्वाद असतो, उठून जायचं नसतं.
तिला ह्या यंत्राचं कौतुक नाही.
एका घोटात संपते ती कसली कॉफी,
तोंडाची वाफ दवडणं नुसतं.

सोळाव्या रात्री आवाज झाला.
बंदूक, असं आईला वाटलं. तिने दिवा विझवला.
आम्ही अंधारात बसून राहिलो,
मग बाबा कंदील घेऊन खाली गेले.
दांडी वर होती.
कुणीही हात लावला नव्हता.
खालच्या बशीत चमचाभर काळं पाणी,
व्हिनेगर, गंज, आणि त्या दिवसाची कॉफी.
बाबांनी ते लगेच ओतलं नाही.
सकाळपर्यंत तसंच राहू दिलं.

स्प्रिंग थकली होती, बदलावी लागली.
जुनी माझ्याकडे आहे, खिळ्यांच्या डब्यात,
हातात घेतली की अजून थोडी लांबते,
किंवा मला तसं वाटतं.

ब्रिक्तीच्या बारमध्ये पहिली कॉफी आंबट आली.
दुसरी जळकी.
तिसरीला वॉशर फाटला, पाणी सगळ्या ओट्यावर,
आणि आई दारात उभी, हसू दाबत.
बाबांनी पाना मागितला. तासभर गेला.
मग गिर्माझियोन मला म्हणाले, तू ओढ.
दोन्ही हातांनी. हनुवटी वळव.
नाही, आणखी वळव.

चौथी आली.
जाड, तांबूस, थेंबाथेंबाने.
आमच्यात चौथीला नाव नाही.
गिर्माझियोननी ती उभ्यानेच घेतली,
साखर घालण्याआधी मात्र
भांड्यात नीट डोकावून पाहिलं.